बाथरूमचा नळ ठिबकतोय? पान्हा हातात घेण्याआधी या चुका टाळा

आमच्या बाथरूमच्या नळाला दोन महिने सुतळी बांधलेली होती. थेंब सुतळीवरून ओघळत बादलीत उतरायचा, टप् टप् बंद, सगळे निवांत झोपायचे. नळ दुरुस्त झाल्यासारखंच वाटत होतं. एका रात्री बादलीच्या जागी एक लिटरचा मग ठेवला, सकाळी तो भरून वाहत होता. मग मात्र पान्हा घेऊन बसलो आणि करण्यासारख्या बहुतेक चुका करून मोकळा झालो.

नळ आवळत बसणं

ही सगळ्या घरांची लाडकी चूक. तीन-चार फेरे फिरवायच्या जुन्या पितळी नळात खाली रबराचा वायसर असतो, पूर्वी चामड्याचा असायचा. तो सीटवर, म्हणजे नळाच्या आत पाण्याच्या भोकाभोवती असलेल्या कडेवर, दाबून बसतो तेव्हा पाणी थांबतं. जोर लावला की थेंब दोन दिवस गप्प बसतो, पण सीटच्या कडेने वायसर चिरत जातो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात तर हा वायसर नसतोच. तिथे दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात, भोकं जुळली की पाणी येतं, नाही जुळली की बंद. आवळण्यासारखं त्यात काहीच नाही. जोर केलात तर मूठ आतल्या दांड्याच्या दात्यांवरून घसरायला लागते आणि मग नळ ठिबकतोही आणि बंदही होत नाही.

नेमकं काय गळतंय ते न बघता खोलायला घेणं

अंघोळीनंतर शॉवरमधून पंधरा मिनिटं थेंब पडत असतील तर हात लावू नका. ते जाळीत आणि वरच्या पाइपात अडकलेलं पाणी असतं.

वॉल मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणारा भिंतीवरचा नळ, असेल तर तोटी एक आणि स्पिंडल (मुठीखालचा, पाणी उघडबंद करणारा सुटा भाग) दोन, गरमचा आणि थंडचा. मी आधी थंडचा खोलला, धुतला, बसवला. थेंब होता तिथेच. खरं तर याची परीक्षा अर्ध्या तासाची आहे. गिझर बंद करा, गिझरला थंड पाणी जातं तो अँगल कॉक (भिंतीजवळचा छोटा नळ) बंद करा आणि थांबा. थेंब थांबला तर दोष गरमच्या स्पिंडलमध्ये, चालूच राहिला तर थंडच्या.

गिझर चालू असतानाच थेंब येत असेल तर गोष्ट आणखी वेगळी. पाणी तापलं की फुगतं. 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत नेलं तर 15 लिटरच्या टाकीत सुमारे 200 मिलिलिटर जागा कमी पडते. मागे जायला वाट नसेल तर ते पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून येतं, नाहीतर दमलेल्या स्पिंडलमधून. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पडणारे थोडे थेंब हा बिघाड नाही. ते भोक बंद करण्याचा शहाणपणा कधीही करू नका, टाकी फुटू शकते.

पाणी बंद झालंय असं समजणं

बाथरूमचा व्हॉल्व्ह बहुतेक घरांत माळ्यावर किंवा डक्टमध्ये असतो आणि वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नसतो. जुना गेट व्हॉल्व्ह चाक फिरलं तरी पूर्ण बंद होतोच असं नाही. नळ उघडून धार पूर्ण थांबेपर्यंत बघा. थांबत नसेल तर सोसायटीच्या गच्चीवरून लाइन बंद करून घ्या. गरमची बाजू खोलायची असेल तर गिझरचं बटण आधी बंद, पाणी निवल्यावर काम. आणि मोरीच्या जाळीवर फडका टाका. मुठीचा बारीक स्क्रू आमच्या मोरीने गिळला आहे.

जोर भिंतीवर जाऊ देणं

मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. स्पिंडल क्षाराने घट्ट बसलेला असतो, आपण लांब दांड्याचा पाइप पान्हा लावतो आणि स्पिंडलऐवजी अख्खा नळ फिरतो. मागे भिंतीत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिक पाइपाचा, एल्बो (वळणाचा जोड) असतो. तो तडकला की आठवड्याभराने खालच्या मजल्यावरचे काका छताचा ओला डाग दाखवायला वर येतात. एका हाताने नळाचं अंग धरा, दुसऱ्याने मापाचा पान्हा चालवा. क्रोमवर फडका गुंडाळा. तरी हलत नसेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा तासभर लपेटून ठेवा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र नको, पॉलिश जातं.

स्पिंडल निघाला की लगेच दुकानात पळू नका. टँकरचं पाणी आलं किंवा टाकी नुकतीच धुतली असेल तर स्पिंडलमधल्या सिरॅमिक चकत्यांमध्ये वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. धुऊन, बसवून बघा. नवा आणायचाच असेल तर जुना खिशात घालून न्या. माझा पहिला फेरा फुकट गेला तो यामुळेच, कारण लांबी जुळली पण दाते 20 आणि 24. काही मिक्सरमध्ये गरमचा आणि थंडचा स्पिंडल उलट दिशांना उघडतात, तेही दुकानदाराला सांगा.

टेफलॉन टेपवर आपली फार श्रद्धा. तोटीतून येणाऱ्या थेंबाशी तिचा संबंध नाही. ती नळ भिंतीत बसतो त्या आट्यांसाठी. स्पिंडलला ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, असते, तिथे टेप गुंडाळली तर तो नीट बसत नाही. ओ-रिंगला व्हॅसलीन किंवा मोबिल ऑइलही नको, काही रबर त्याने फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा एक बोट पुरतो.

पाणी सोडताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. तोटीची जाळी काढून आधी मिनिटभर धार जाऊ द्या.

नवा वायसर घालूनही पितळी नळ चार दिवसांत ठिबकायला लागला तर वायसरला दोष देऊ नका. टॉर्च घेऊन सीट बघा, कडेवर बोट फिरवा. नखाला खाच लागली तर सीट घासून द्यावी लागते, त्याचं हत्यार प्लंबरकडे असतं. नळ फार जुना असेल तर प्लंबर नळच बदलायला सांगेल, आणि बहुधा त्याचं बरोबर असेल.