बदकाचं एकटं पिल्लू सापडलं तर आधी काय बघायचं

पाऊस लागला की हिवाळा सुरू होईपर्यंत कोल्हापूरच्या कळंबा, राजाराम तलाव असल्या ठिकाणी पाणकणसाच्या कडेनं हळदी-कुंकू बदकं पिल्लं घेऊन फिरताना दिसू शकतात. पट्टकदंब हंस आपल्याकडं फक्त थंडीत येतात, त्यांची पिल्लं तिकडं लडाख-तिबेटात होतात, त्यामुळं इथं पिल्लावळ बघायची तर हळदी-कुंकू बदकांची. काळी चोच, टोकाला पिवळी, बुडाशी लाल ठिपके आणि पाय शेंदरी, म्हणजे ओळख पक्की.

सकाळी लवकर जायचं, ८×४२ ची दुर्बीण असली तर उत्तम, आणि एका जागी गप बसायचं. पिल्लं मोजा, दहा मिनिटांनी परत मोजा, कारण दोन-तीन कायम जलपर्णीत अडकल्यासारखी मागं राहतात आणि मग आईच्या हाकेसरशी पळत येतात. आई पंख मोडल्यासारखी पाण्यावर फडफडत लांब जायला लागली तर तुम्ही फार जवळ गेलाय, लगेच मागं सरका. चिरमुरे, पाव काही टाकू नका, या वयात पिल्लांना किडे-अळ्याच लागतात.

आता एकटं पिल्लू दिसलं तर. लगेच उचलायचं नाही! कुत्रं, घार किंवा गाड्यांचा धोका नसेल तर लांब थांबून तासभर बघा, बऱ्याच वेळा आई झाडीतच असते आणि आपण उभे म्हणूनच बाहेर येत नाही. गटारात पडलंय, जाळ्यात गुंतलंय असं असेल तर मात्र काढायचं, आणि माणसाचा हात लागला की आई टाकते हे खरं नाही, तेवढ्यासाठी घाबरू नका.

आई जवळपास ओरडत असेल तर पिल्लू तिला दिसेल असं काठाला ठेवा आणि तिथनं निघा. नसेलच तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानपाखरू घरी पाळता येत नाही. माणूस येईपर्यंत भोकं पाडलेला खोका, खाली सुकं कापड, एका कोपऱ्याला फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, म्हणजे गरम झालं तर पिल्लू दुसरीकडं सरकतंय. दूध, भात नको. बादलीत पोहायला तर अजिबात सोडू नका, आई जवळ नसली की एवढ्याशा पिल्लाची लव भिजते आणि ते गारठून मरतं. प्यायला बशीत खडे टाकून थोडं पाणी ठेवा.

आणि कितीही गोड दिसलं तरी हातात घेऊन बोलत बसू नका, मुलांना पण खोक्यापासून लांब ठेवा. नुकतं अंड्यातनं आलेलं पिल्लू समोर हलेल त्यालाच आई मानतं, प्राण्यांच्या वागण्याचे ऑस्ट्रियन अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी १९३५ मध्ये हंसांच्या पिल्लांवर हेच मांडलं, आणि १९७३ मध्ये प्राण्यांच्या वागण्यावरच्या कामासाठी त्यांना नोबेल विभागून मिळालं. एकदा माणसाच्या मागं लागलं की पुढं तळ्यावर त्याचं अवघड होतं.

दुसऱ्या बदकीणीच्या घोळक्यात सोडायचा विचार असेल तर तो वनखात्याच्या माणसावर सोपवा. हंस परकी पिल्लं बऱ्यापैकी सांभाळून घेतात, बदकीण मात्र वेगळ्या वयाच्या पिल्लाला टोचून मारू पण शकते, म्हणून सारख्या आकाराचीच पिल्लं बघावी लागतात. सोडल्यावर काठावरनं नीट बघत राहायचं, आई मान खाली घालून त्याच्या अंगावर धावली तर लगेच परत खोक्यात घ्यायचं.