कूलिंग टॉवरमध्ये पाणी एकसारखं पडत नसेल तर कुठून सुरुवात करायची (युटिलिटीत नवीन लागलेल्यांसाठी)

सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून, कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजमधून किंवा आयटीआय करून जी पोरं कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीत नाहीतर एखाद्या साखर कारखान्याच्या कोजनला (उसाच्या चिपाडावर वाफ आणि वीज तयार करणाऱ्या प्लांटला) लागतात त्यांना बॉयलर दाखवतात, टर्बाइन दाखवतात, कूलिंग टॉवर मात्र कोणी नीट दाखवत नाही. पाणी गार करतो, झालं, एवढ्यावर भागवतात. मग मार्च-एप्रिलमध्ये कंडेन्सरचं (टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पाणी करणाऱ्या भांड्याचं) व्हॅक्युम पडायला लागलं की सगळ्यांना टॉवर आठवतो आणि पहिला उपाय ठरलेला, फॅनच्या ब्लेडचा अँगल वाढवा नाहीतर अजून एक पंप लावा. माझं स्पष्ट मत आहे की पाणी कुठं किती पडतंय हे बघितल्याशिवाय या दोन्हीला हात लावू नये.

कारण साधं आहे. पाणी गार होतं ते मुख्यतः त्यातलं थोडं उडून जातं म्हणून (रेंज, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याच्या टेंपरेचरमधला फरक, 10 डिग्री असेल तर साधारण दीड टक्के), त्यासाठी हवा आणि पाण्याची गाठ पडायला हवी. फिलचा (पाणी पसरून हवेला भेटावं म्हणून टॉवरमध्ये बसवलेल्या प्लास्टिकच्या थरांचा) एखादा भाग कोरडा राहिला की तिथं अडथळा कमी, मग हवा नेमकी तिथूनच सुटते आणि काम न करता वर निघून जाते, आणि जिथं पाणी धो धो पडतंय तिथं हवा कमी पडते. फॅन फुल लोडवर, लाइट बिल फुल, पाणी मात्र कोमटच.

एका कोजनला माझ्यासमोर असंच झालेलं, चार सेल (म्हणजे स्वतःचा फॅन असलेले टॉवरचे कप्पे) ओळीत, हेडर म्हणजे गरम पाण्याचा मुख्य पाइप एका टोकाकडून आलेला. पहिल्या सेलखाली पाणी 34 डिग्री, शेवटच्या सेलखाली 29. सगळ्यांचं म्हणणं चौथा सेल एक नंबर चाललाय, पहिल्याचा फॅन बघा. तिथले एक जुने ऑपरेटर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, ते मला म्हणाले, "पंखा काय बघतोस बाळा, खाली वाकून पाऊस बघ." लूव्हरमधून (हवा आत येण्याच्या बाजूच्या तिरप्या फटींमधून) बॅटरी मारून बघितलं तर चौथ्या सेलमध्ये पाऊस अगदी विरळ, एका कोपऱ्यात तर काहीच नाही. म्हणजे तिथं पाणी गार होत होतं कारण मुळात जातच कमी होतं, आणि त्याच्या वाट्याचं सगळं पहिल्या सेलवर पडत होतं. उसाला दारं धरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पाटाच्या तोंडाजवळची सरी भरून वाहते आणि शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. तेव्हा सगळ्यात गार पाणी देणारा सेल दिसला की आधी त्याच्यावरच संशय घ्या, हे डोक्यात पक्कं बसवा.

टेंपरेचर घेताना बेसिनमधलं (टॉवरखालच्या हौदातलं) घेऊ नका, तिथं सगळ्या सेलचं पाणी मिसळलेलं असतं. फिलखालून पडणारं पाणी मगात धरून घ्या, आणि त्याच वेळचं वेट बल्ब (थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळून वाऱ्यात धरल्यावर येणारं हवेचं टेंपरेचर) पण लिहा कारण त्याच्या खाली पाणी जाऊच शकत नाही, नुसत्या टेंपरेचरवरून काही कळत नाही. एका सेलच्या आतला फरक बघायचा असेल तर सारख्या मापाच्या बादल्या ठिकठिकाणी तेवढाच वेळ धरा आणि पाणी मोजा, दुसरं काही लागत नाही.

आता नोझल, म्हणजे फिलवर पाणी फवारणाऱ्या तोट्या. वर जायच्या आधी परमिट, फॅनचं आयसोलेशन (वीज तोडणं) करून स्वतःचं कुलूप, सेफ्टी बेल्ट आणि मास्क, कारण टॉवरच्या तुषारांत लेजिओनेला (न्यूमोनिया करणारा जंतू) असू शकतो, यात कुणी घाई करायला लावली तरी ऐकायचं नाही. फिलवर डायरेक्ट पाय द्यायचा नाही, फळी टाकायची. क्रॉसफ्लो (हवा बाजूने आडवी जाणारा टॉवर) असेल तर काम सोपं, गरम पाण्याचं वरचं हॉट बेसिन उघडंच असतं, दोन्ही बाजूंची लेव्हल बघा. एकीकडे 10 सेंटीमीटर आणि दुसरीकडे 20 असेल तर दुसरीकडे दुप्पट नाही, साधारण 1.4 पट पाणी जातं, कारण भोकातून जाणारं पाणी लेव्हलच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं. काउंटरफ्लोमध्ये (हवा खालून वर, पाण्याच्या उलट जाते त्या टॉवरमध्ये) ड्रिफ्ट एलिमिनेटर (तुषार अडवणारे वरचे पट्टे) उचलून स्प्रे बघावा लागतो. एकाच जागी जाड धार पडत असेल तर तिथलं नोझल तुटलंय किंवा गळून पडलंय. फिलवर पांढरा थर असेल तर तिथं पाणी अर्धवट पोचतंय, ओल्या-कोरड्याच्या सीमेवर पाणी उडून क्षार मागे राहतात आणि कोरडा पट्टा वाढतच जातो, बोअरचं पाणी वापरत असाल तर फारच लवकर.

त्या चौथ्या सेलचं एक नोझल काढलं तर आत बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा, शेवाळ आणि फिलचे प्लास्टिकचे तुकडे गच्च बसलेले. भुसा वाऱ्याने उडून बेसिनमध्ये येतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण सक्शनची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली आहे हे कुणी बघितलं नव्हतं. आधी जाळी बदलली, मग बेसिन साफ केलं, मगच नोझल. उलट्या क्रमाने केलं असतं तर आठवड्यात परत तेच. फिल धुताना हाय प्रेशर जेट जवळून मारू नका, फिल्म फिल फाटतं आणि तेच तुकडे परत नोझलला जातात.

व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी, कारण चोकअप असताना केलेलं बॅलन्सिंग नोझल साफ झाल्यावर बिघडतं. लांबच्या सेलचा व्हॉल्व्ह फुल ओपन ठेवायचा आणि जवळच्यांचे थोडे थोडे दाबायचे, थांबायचं, परत टेंपरेचर घ्यायचं. बटरफ्लाय व्हॉल्व्ह सुरुवातीला थोडा बंद केला तर काही फरकच दिसत नाही आणि नंतर एकदम दिसतो, तेव्हा धीर धरा. जमलं की हँडलच्या जागेवर पेंटने खूण करा आणि लॉगबुकात लिहा, नाहीतर रात्रपाळीवाला सवयीने सगळे फुल उघडून ठेवतो. आणि सीझन सुरू व्हायच्या आधी, पावसाळ्यात नदीच्या पाण्यातून आलेला गाळ बेसिनमधून काढून घ्या आणि त्याच मॉडेलची नोझल स्टोअरला शिल्लक आहेत का बघा, ऐनवेळी मिळत नाहीत.