रॅली हुकली, तर पुढचे चार दिवस कसे काढायचे

बुधवारी रात्री साडेदहाला मी मोटरसायकलची सीट काढून, मल्टिमीटरच्या (व्होल्ट मोजायच्या यंत्राच्या) दोन्ही पिना बॅटरीला लावून उकिडवी बसले होते. गाडी बंद असताना आकडा १२.३ व्होल्ट. चालू करून आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, ४००० वर नेले. आता १४ च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसले १२.१. परत ॲक्सिलरेटर पिळला तर १२.०. शुक्रवारी पहाटे पाचला मोटरसायकल रॅलीला निघायचं होतं, ७०० किलोमीटर. नोंदणी पाच महिन्यांपूर्वीची, बॅगा भरून दारात ठेवलेल्या, आणि गाडी बॅटरी चार्जच करत नव्हती.

गेल्या बारा वर्षांत माझ्या तीन रॅल्या हुकल्या. पहिल्या दोन वेळी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. तिसऱ्यांदा, म्हणजे या वेळी, जरा शहाण्यासारखी वागले. तेव्हा जे केलं ते सांगते.

सगळ्यात आधी, नाही म्हणायची वेळ ठरवून ठेवा, आणि ती गाडी बिघडायच्या आधी ठरवा. माझी आता निघण्याआधी १८ तासांची आहे. तोवर गाडी नीट झाली तर जायचं, नाहीतर नाही. पहिल्यांदा रॅली हुकली तेव्हा असं काही ठरलेलं नव्हतं. रात्री दोनपर्यंत खटपट केली, तीन तास झोपले, पाचला निघाले आणि १४० किलोमीटरवरून गाडी टेम्पोत घालून परत आले. रॅली गेलीच, वर बरोबरच्या तिघांचा अर्धा दिवस रस्त्याच्या कडेला गेला. ते काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

कशासाठी थांबायचं आणि कशासाठी नाही, याची माझी यादी छोटी आहे. इंडिकेटरचा बल्ब, हॉर्न, लेव्हरचं तुटलेलं टोक, क्लच केबल ही अर्ध्या तासाची कामं; यांच्यासाठी कोणी रॅली सोडत नाही. ब्रेक, टायर, चेन आणि चार्जिंग यांत मात्र तडजोड नको. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) अगदी मागच्या टोकाला धरून बाहेर ओढून बघा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन संपली, कितीही तेल घाला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान आहे पण रबर कडक होऊन बारीक चिरा पडल्यात, असा टायर लांबच्या पल्ल्याला, त्यात सामान लादून आणि पावसात, मी नेणार नाही. या यादीत पाचवी गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः. ताप असेल, पाठ धरली असेल किंवा दोन रात्री झोप नसेल, तर तो गाडीतलाच बिघाड समजा.

आता जुगाडाबद्दल. ग्रुपमधल्या सगळ्यात धाकट्याचा गुरुवारी सकाळी फोन आला. “ताई, दोन बॅटऱ्या फुल चार्ज करून बरोबर घेऊ. संपली की बदलायची.” कल्पना ऐकायला गोड होती, म्हणून कागद घेऊन हिशेब मांडला. माझी बॅटरी ९ अँपिअर-अवरची. हेडलाइट, फ्युएल पंप, इग्निशन आणि बाकीचं किडुकमिडुक मिळून आठ-नऊ अँपिअर खातात. म्हणजे भरलेली बॅटरी फार तर तासभर. खरं तर त्याहून कमीच, कारण व्होल्टेज उतरलं की पूर्ण संपायच्या आधीच पंप रडायला लागतो. ७०० किलोमीटरला चहापाणी धरून चौदा तास, त्यातले बारा गाडीवर. “बारा बॅटऱ्या लागतील रे,” मी म्हटलं, “आणि त्या वाहायला तुझी गाडी.” तो गप्प झाला. जुगाड सुचला की आकडे लिहून बघा. डोक्यातल्या डोक्यात तो नेहमी जमतो.

दुसरं आमिष उसन्या गाडीचं. एकाने मनापासून त्याची दुसरी गाडी देऊ केली. मी बसून बघितलं तर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते, तेही बॅगा न लादता. माझा नियम असा की जी गाडी मी किमान दोनशे किलोमीटर चालवलेली नाही, तिच्यावर लांबची राइड सुरू करायची नाही. ब्रेक कुठे पकडतो, टाकी किती किलोमीटरला रिझर्व्हला येते, वळणात ती कशी झुकते, हे अंगवळणी पडायला तेवढं अंतर लागतंच. शिवाय विम्याचे कागद आणि पडझड झाली तर खर्च कोणाचा, हे आधी बोलावं लागतं, आणि मैत्रीत ते बोलायला कोणाला आवडत नाही. मी आभार मानून नाही म्हटलं. कोणाच्या मागे बसून जायचं असेल तर ते दोन तासांसाठी ठीक. दिवसभरासाठी त्याच्या मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवावा लागेल, टायरमध्ये हवा दोघांच्या वजनाची लागेल, गाडी ब्रेकला उशिरा थांबेल आणि दोघांचं सामान बसणार नाही ते वेगळंच.

चारचाकीने जावं का? दुसऱ्या वेळी मी तेच केलं होतं. पोहोचले, गाड्यांच्या लांबलचक रांगेच्या शेवटी मोटार लावली आणि दिवसभर जो भेटेल तो विचारत होता, “तुमची कुठली?” संध्याकाळपर्यंत मी उत्तराला चार वाक्यांचं भाषण जोडायला लागले होते. माणसांना भेटायला जात असाल तर चारचाकीने खुशाल जा, मजा येते. मी रस्त्यासाठी जाते हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही कशासाठी जाता, हे एकदा स्वतःला विचारा. मग हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

नाही ठरलं की सांगण्याचा क्रम पाळा. पहिला फोन लीड रायडरला, म्हणजे ताफ्याच्या पुढे चालणाऱ्याला. फोनच, मेसेज नाही, कारण त्याला फॉर्मेशन, म्हणजे कोण कोणाच्या मागे ते, बदलायची असते. दुसरा ज्याच्याबरोबर खोली वाटून घेतली आहे त्याला. मग ग्रुपवर. ग्रुपवर “बघते, सकाळपर्यंत कळवते” असलं काही लिहू नका. त्या एका ओळीने सहा माणसं अडकून पडतात. मी लिहिलं ते असं: “माझी गाडी चार्ज करत नाहीये. सोमवारच्या आधी पार्ट मिळणार नाही. मी येत नाही. स्वीपला दुसरं कोणी बघा. टूलकिट आज संध्याकाळी पोहोचवते.” त्यावर वीस रडके चेहरे आले. ते येणारच, उत्तर देत बसायची गरज नाही.

स्वीप म्हणजे ताफ्यातला शेवटचा. कोणी मागे पडलं, पंक्चर झालं, चुकीच्या वळणाला गेलं, तर त्याच्याबरोबर थांबणारा. ग्रुपमध्ये तुमच्याकडे असं काही काम असेल तर तुमचं न जाणं फक्त तुमचं राहत नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी टूलकिटची पिशवी घेऊन नव्या स्वीपकडे गेले आणि जमिनीवर एकेक वस्तू मांडून दाखवली. पंक्चरच्या वाद्या आणि भोक साफ करायचा रीमर. छोटा पंप. दोन टायर लिव्हर. दोन चेन लॉक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), वेगवेगळ्या मापाचे, चिठ्ठी लावलेले. क्लच केबल. प्लग पाना. तार, चिकटपट्टी, फ्यूज. “हा पाना घसरतो, दाबून धरायचा,” हे सांगताना आवाज जरा गेला. पिशवीला बांधलेला जुना लाल फडका मी काढून घ्यायला लागले आणि मग राहू दिला. असं सगळं रीतसर सोपवलं की घरी येताना हलकं वाटतं. नुसता फोन करून “पिशवी कोणीतरी घेऊन जा” म्हटलं असतं तर वाटलं नसतं.

पैशाचं थोडक्यात. ज्या बुकिंगच्या परताव्याला घड्याळ लागलेलं असतं ते आधी रद्द करा, दुःख नंतर. राहण्याची जागा रद्द करण्याआधी ग्रुपवर विचारा, कोणी ना कोणी शेवटच्या क्षणी खोली शोधत असतंच. नाव बदलून मिळतं का हे जागेच्या मालकाला फोनवर विचारलेलं बरं. नोंदणी दुसऱ्याच्या नावावर होते की नाही हे आयोजकांच्या नियमांत लिहिलेलं असतं. ते वाचून मगच कोणाला आशा लावा. जे होईल त्याचं लेखी उत्तर ठेवा.

रजा? मी दोन दिवसांतला एक परत केला आणि शुक्रवार ठेवला. शुक्रवारी कामावर गेले असते तर दर तासाला कोणीतरी विचारलं असतं, “अगं, तू जाणार होतीस ना?”

बॅगा त्याच रात्री सोडा. हे फार जण करत नाहीत. पहिल्या वेळी माझी बॅग तीन आठवडे तशीच दारात पडून होती आणि येताजाता मी तिला लाथ मारत होते. स्लीपिंग बॅग दाबलेल्या पिशवीत ठेवली तर तिचा फुगीरपणा जातो आणि ऊब कमी होते. ती काढून मोकळी ठेवा. तंबू कोरडा असला तरी एकदा उलगडून वाळवा. पॉवर बँक, औषधं, सुटे पैसे आपापल्या जागी. कॅनमध्ये जादा पेट्रोल भरून ठेवलं असेल तर घरात ठेवू नका, टाकीत ओता. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेलीच बरी. अर्ध्या टाकीतल्या हवेतला ओलावा आतून पत्र्याला लागतो, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं.

कधी कधी तुमचं सगळं ठीक असतं आणि कार्यक्रमच रद्द होतो. ते मोठ्यांनाही चुकलेलं नाही. अमेरिकेतली स्टर्जिसची रॅली १९३८ साली नऊ स्पर्धकांच्या शर्यतीपासून सुरू झाली आणि १९४२ मध्ये पेट्रोलच्या रेशनिंगमुळे भरलीच नाही. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची टीटी, ती रॅली नाही, शर्यत आहे, पण तिकडे माणसं मोटरसायकलींवरूनच लोटतात, २००१ मध्ये गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगामुळे रद्द झाली आणि २०२० व २०२१ मध्ये कोविडमुळे. अमेरिकेतल्या डेटोनाची मोठी मोटरसायकल शर्यत दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ पासून काही वर्षं बंद होती, तरी लोक आपापले तिथे जमत राहिले. असं झालं तर एवढंच बघा, की रॅली रद्द झाली म्हणजे तुमची खोली आपोआप रद्द होत नाही. आणि ग्रुपमधले बाकीचे तरीही निघणार आहेत का, ते विचारा. रस्ता काही रद्द झालेला नसतो.

शुक्रवार वाईटच गेला. सातला पहिला फोटो आला, धुक्यात उभ्या सहा गाड्या. ग्रुप म्यूट करावासा वाटतो, मी केला नाही, कारण अकराला नव्या स्वीपचा फोन आला: “ताई, छोटा पंप नेमका जोडायचा कसा?” व्हिडिओ कॉलवर सांगितलं. दुपारी मात्र फोन आत ठेवून गाडी उघडली.

चार्जिंग गेलं की बहुतेक जण नवा रेक्टिफायर (इंजिनमध्ये तयार होणारी एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) आणतात आणि बसवतात. थांबा. स्टेटर (इंजिनमधली वीज तयार करणारी गुंडाळी) खराब असेल तर नवा रेक्टिफायरही जळू शकतो. माझ्या गाडीत स्टेटरकडून तीन पिवळ्या वायर येतात. त्यांचा कनेक्टर सोडवायचा, गाडी चालू करायची, मल्टिमीटर एसीवर ठेवायचा आणि दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजायच्या. तिन्हींत जवळपास सारखे व्होल्ट आले पाहिजेत. मग गाडी बंद करून प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे वीज वाहते का, ते बघायचं. मीटर वाजला तर स्टेटर शॉर्ट आहे. माझा नव्हता. पण कनेक्टर हातात घेतला तर एक पिन चॉकलेटी झालेली आणि भोवतीचं प्लास्टिक वितळून तिला चिकटलेलं. कुठल्याशा पावसाळ्यात आत पाणी गेलं असणार. सैल पिन तापत राहिली, आणि मी प्रत्येक सर्व्हिसिंगला चेन, ऑइल, ब्रेक बघत राहिले. तो कनेक्टर सहा वर्षांत एकदाही उघडला नव्हता. तुमचा आज उघडून बघा, सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे मिळेल.

सोमवारी पार्ट आला. नवा रेक्टिफायर, नवा कनेक्टर, पिनांना ग्रीस. चार हजारांवर १४.२. तशीच उभी राहून दोन मिनिटं आकडा बघत बसले. मग नव्वद किलोमीटर फिरून आले, मुद्दाम कुठेही न थांबता, आणि परत येऊन पुन्हा मोजलं. १४.२.

मंगळवारी टूलकिटची पिशवी परत आली. लाल फडका होता. वाद्या तीन कमी, एक चेन लॉक कमी, आणि घसरणाऱ्या पान्याच्या जागी नवा पाना.