बजीची शी बघताना या चुका टाळा

आमची चिकू म्हणजे बजी, बजरिगर नावाचा छोटा पोपट, आणि तिची दाण्याची वाटी भरलेली होती. म्हणजे दिसत तरी होती, अगदी काठोकाठ, त्यामुळे ती खातेय असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण पिंजऱ्याखालच्या कागदावर एरवी दिवसाला चाळीसेक ठिपके पडायचे, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जेमतेम दहा-बारा होते आणि तेही बारीक, गडद हिरवे, चिकटसर. वाटीवर फुंकर मारली तर वरचा सगळा थर फोलपटांचा, खाली राळ्याचा एक दाणा नाही. बजी दाणा सोलून फोलपट तिथेच टाकतो ना, त्यामुळे रिकामी वाटीसुद्धा भरलेली वाटते. लगेच दाणे घातले, ती अधाशासारखी खात बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कागद परत पहिल्यासारखा झाला. एवढ्याशा पक्ष्याला, ज्याचं अख्खं वजन तीस-पस्तीस ग्रॅम, एक दिवसाची उपासमारसुद्धा जिवावर बेतू शकते, म्हणून हे सगळं लिहितेय.

तर पहिली चूक हीच, हिरवी शी दिसली की 'पालक खाल्ला असेल' म्हणून सोडून देणं. पालक, कोथिंबीर, मेथी खाल्ल्यावर हिरवी होतेच, पण तेव्हा शी भरीव असते आणि ठिपके कमी होत नाहीत. पोट रिकामं असलं की अन्नाचा भाग जवळजवळ नसतोच, नुसता पित्ताचा हिरवा रंग खाली उतरतो, म्हणून ती कमी, बारीक आणि गडद दिसते. रंग एकटा बघू नका, किती ठिपके आहेत तेही मोजा.

आता नॉर्मल शी कशी असते ते, कारण बरेच जण पांढरा भाग म्हणजेच शी समजतात. पक्ष्यांची शी आणि लघवी एकाच जागेतून एकत्र बाहेर पडते, त्यामुळे एका ठिपक्यात तीन गोष्टी असतात. हिरवट किंवा तपकिरी वेटोळं ही खरी शी, त्यावर किंवा मध्ये पांढरा खडूसारखा भाग म्हणजे युरेट, म्हणजे लघवीचाच घट्ट भाग, आणि भोवती थोडंसं स्वच्छ पाणी. बजी मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला, पाणी जपून वापरणारा पक्षी, म्हणून त्याची शी एकंदर सुकी असते. कुणाकडे लोरी (हाही एक पोपटच) असेल तर तिची शी बघून घाबरू नका आणि तुलनाही करू नका, लोरी मकरंद आणि फळांवर जगते त्यामुळे तिची कायम पातळच असते. आणि हो, आपल्याकडे दुकानात बजीलाच सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात, खरा लव्हबर्ड वेगळा पक्षी आहे, तेव्हा डॉक्टरकडे जाताना आपल्याकडे नक्की काय आहे ते माहीत असू दे.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ओलं दिसलं की 'जुलाब झाले' म्हणणं. नव्वद टक्के घाबरे मेसेज याचेच असतात असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे जुलाब नसतातच. फरक ओळखायला कागदाजवळ डोळे नेऊन बघा. हिरवं वेटोळं शाबूत आहे, पांढरा भाग वेगळा आहे आणि भोवती फक्त पाण्याचं मोठं वर्तुळ पडलंय, तर ती लघवी जास्त झालीये, पोट बिघडलेलं नाही. काकडी, कलिंगड, द्राक्षं असलं काही खाल्लं, आंघोळ करताना पाणी प्यायला, गाडीतून आणला, मांजर खिडकीत येऊन बसलं, नवा माणूस घरात आला, या सगळ्याने तासाभरासाठी असं होतं आणि आपोआप थांबतं. फळ-काकडी एक दिवस बंद ठेवून बघा. तरीही दिवसभर पाण्याची थारोळी पडत असतील आणि पक्षी सारखा पाण्याच्या भांड्यावर जात असेल तर मात्र किडनी, डायबेटिस, इन्फेक्शन असलं काहीही असू शकतं, तेव्हा डॉक्टरच. आणि वेटोळ्याचा आकारच राहिला नाही, सगळं एकत्र कालवल्यासारखं पसरलंय, तर ते खरे जुलाब. त्यात शेपटीखालची पिसं चिकटली असतील तर वाट बघत बसू नका. ती पिसं सुकी ओढू नका, कातडी निघते, कोमट पाण्यात बुडवलेला कापूस धरून आधी मऊ करा.

यापुढची चूक लगेच घडते. दुकानातून अँटिबायोटिक पावडर आणून पाण्यात टाकायची. त्या पाण्याची चव बदलते म्हणून पक्षी पाणीच कमी पितो, मग डोस किती पोटात गेला ते कुणालाच कळत नाही, आणि वर डॉक्टरने टेस्ट केली तर रिझल्ट गंडतो. शिवाय आजार दरवेळी बॅक्टेरियाचा नसतोच. बजींमध्ये मॅक्रोरॅब्डस नावाची पोटातली बुरशी असते, तिच्यावर नेहमीचं अँटिबायोटिक काहीच करत नाही. ती झाली की पक्षी दिवसभर खातोय असं दिसतं, तरी छातीचं मधलं हाड धारदार लागतं, कधी उलटी करतो आणि शीमध्ये अख्खा किंवा अर्धवट पचलेला दाणा निघतो. असा दाणा एकदाही दिसला तरी मी थांबणार नाही. माणसांची जुलाबाची गोळी तर अजिबात देऊ नका, कितीही छोटा तुकडा केलात तरी.

लाल दिसलं तर आधी काल काय खाल्लं ते आठवा. बीट, डाळिंब, रंगीत पेलेट (पक्ष्यांचं तयार गोळ्यांचं खाद्य) यांनी शी आणि भोवतीचं पाणी गुलाबी-लाल होतं, बंद केलं की एका दिवसात जातं. काही न देता ताजं लाल रक्त आलं, किंवा डांबरासारखी काळी शी आली, म्हणजे वरच्या आतड्यात रक्त जातंय, तर त्याच दिवशी डॉक्टर. पांढऱ्या भागाकडे तर कुणी बघतच नाही. तो पिवळा किंवा पोपटी झाला की लिव्हरवर ताण आहे असं समजा, आणि त्यात सिटाकोसिस हा आजारही येतो जो पक्ष्यांकडून माणसाला होतो, सुकलेल्या शीची धूळ नाकात गेली की. म्हणून पिंजरा सुका झाडू नका, आधी पाणी फवारा, मास्क लावा. घरात कुणाला ताप-खोकला लांबला तर आपल्या डॉक्टरला घरी पक्षी आहे हे आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

मादी असेल तर अंडं घालायच्या आधी शी मोठी, पातळ आणि वासाची होते, ते ठीक आहे. पण फुगून खाली बसलीये, शेपटी वरखाली करतेय, जोर लावतेय आणि शी थांबलीये, म्हणजे अंडं अडकलंय. यात तास मोजायचे असतात, दिवस नाही.

आता हे सगळं दिसायला तर पाहिजे ना. लाकडाचा भुसा, मक्याचे तुकडे, वाळू यात शी मुरून जाते, आणि आपल्या पावसाळ्यात ते ओलं राहून बुरशी धरतं ते वेगळंच. साधा पांढरा कागद घाला आणि रोज सकाळी एकाच वेळी बदला. सकाळची पहिली शी रात्रभराची साठलेली असते, मोठी असणारच, तिच्यावरून घाबरू नका. पक्षी बरा असताना चार-पाच दिवस कागदाचे फोटो काढून ठेवा, कारण प्रत्येकाचं नॉर्मल वेगळं, दाण्यावरच्याची हिरवट आणि पेलेटवरच्याची तपकिरी. सोबत किचनमधला ग्रॅमचा वजनकाटा वापरा, आठवड्यातून एकदा. दहा टक्के वजन उतरलं, म्हणजे पस्तीसचा बजी साडेएकतीसवर आला, तर शी कितीही छान दिसू दे, दाखवून आणा. पक्षी आजार लपवतो, फुगून बसलेला दिसतो तोवर बराच उशीर झालेला असतो.

डॉक्टरकडे नेताना पिंजरा धुवून चकाचक करू नका, आपल्याला लाज वाटते म्हणून बरेच जण करतात आणि सगळा पुरावा नळाखाली जातो. कागद तसाच राहू दे, वरून टॉवेल टाका, उबेत न्या, आणि जमलं तर पक्षी पाहणारा डॉक्टर आधी फोन करून शोधा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. त्या दिवशीची ताजी शी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घ्या, टिश्यूवर नको, टिश्यू पाणी पिऊन टाकतो आणि मग लघवी जास्त होती की जुलाब होते तेच डॉक्टरला कळत नाही.