जॉइनिंगची फाइल: भरलेली आणि तपासलेली

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात किंवा एखाद्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसात एचआरचं काम नव्यानं हाती घेतलं, की आधी नव्या लोकांच्या जॉइनिंग फाइली पुढ्यात येतात. कागद सगळे लावलेले असतात, पण ते कुणी पडताळलेले नसतात.

नर्सपासून धरा. जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) गुणपत्रिकेची झेरॉक्स म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीख मूळ कागदावरून पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा लावा. छिंदवाडा-बालाघाटकडच्या मुलींची नोंदणी मध्य प्रदेशातली असू शकते. त्यांना इथली नोंदणी लागते आणि तिला वेळ जातो. ‘कागद येतोच आहे’ एवढ्यावर ड्यूटी लावू नका.

आया, वॉर्डबॉय, केअरटेकर यांना कौन्सिलच नाही. म्हणून तिथं पोलिसांच्या चारित्र्य प्रमाणपत्रावर आणि आधीच्या ठिकाणच्या चौकशीवर जास्त भिस्त. खोली नागपुरात आणि गाव गोंदियाकडे असेल तर दोन्ही पत्ते लिहून घ्या. काटोल-उमरेडचा माणूस असेल तर ती ग्रामीण पोलिसांची हद्द. चौकशीचा फोन बायोडेटावरच्या मोबाइलवर करू नका, तो मित्राचाही निघतो. संस्थेचा नंबर स्वतः शोधा आणि एकच विचारा: पुन्हा कामावर घ्याल का? पलीकडे जरा शांतता पसरली तरी समजायचं ते समजतं.

सगळ्यात जास्त घोळ हिपॅटायटिस बी च्या लशीत होतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते; रुजू होताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणीही. सफाईवाला कंत्राटदाराचा असला तरी सुई त्यालाही टोचते. डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. पहिले दोन उत्साहात होतात, तिसरा राहतो, कारण तोवर फाइल कपाटात गेलेली असते. तिन्ही तारखा रुजू होण्याच्या दिवशीच कॅलेंडरवर टाका. डोस लांबला तर मालिका पहिल्यापासून करावी लागत नाही, राहिलेला द्यायचा. तिसऱ्यानंतर १ ते २ महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करा, म्हणजे लशीनं रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का ते पाहणारी तपासणी. १० च्या खाली आला तर पुन्हा तीन डोस आणि पुन्हा टायटर. तरीही कमीच राहिला तर तशी ठळक नोंद हवी, कारण अशा माणसाला संसर्गित सुई टोचली तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लवकरात लवकर, शक्यतो २४ तासांत द्यावं लागतं.

क्षयरोगासाठी लक्षणांची विचारपूस आणि छातीचा एक्स-रे. ट्युबरक्युलिन चाचणी (हातावर टोचून करायची त्वचेची चाचणी) करत असाल तर ती ४८ ते ७२ तासांत वाचावी लागते. गुरुवारी टोचली की वाचायला शनिवार-रविवार येतो. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लशीमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला क्षयरोगी ठरवू नका.

एचआयव्हीची चाचणी नोकरीची अट म्हणून मागता येत नाही. २०१७ च्या कायद्यानं ते बंद केलंय. आपल्या विदर्भात सिकलसेलचे वाहक बरेच. एएस (म्हणजे फक्त वाहक) रिपोर्ट पाहून कुणाला नाकारणं निव्वळ अडाणीपणा आहे, वाहक माणूस नेहमीची कामं करतो. एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजार) असेल तर काम कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. एचआरच्या फाइलीत फक्त ‘फिट’ किंवा ‘अटींसह फिट’ एवढीच चिठ्ठी लागते. रिपोर्ट डॉक्टरांच्या कुलपात.