भाजी आणली, पण पोषण कुठे गेलं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या हिशेबाने मोठ्या माणसाने दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं खायला हवीत. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही मिळून किमान 400 ग्रॅम सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही. म्हणजे बटाट्याची भाजी आणि वर वडापाव हा दिवस भाजीच्या खात्यात शून्य.

चौघांच्या घरात हे दिवसाला दोन किलो होतात. आकडा दडपण आणतो, पण तो एका वाटीत बसवायचा नसतो. मध्यम काकडीची कोशिंबीर दोघांत वाटली तरी माणशी 75 ते 100 ग्रॅम होते. आमटीत शेवग्याच्या शेंगा, दुधी किंवा टोमॅटो पडला की आणखी 50. दोन्ही वेळची भाजी 100-100 ग्रॅम धरा, सकाळच्या पोह्यांत मूठभर मटार-गाजर घाला, की 400 जवळ येतात. बहुतेक घरांत कमी पडते ती पालेभाजी. शंभर ग्रॅम कच्चा पाला शिजून अर्धी वाटीच उरतो, आणि मेथीची जुडी निवडली की जवळपास निम्मं वजन देठांत जातं. चौघांसाठी एक जुडी आणली तर ती भाजी नव्हे, तोंडीलावणं.

पण वजन भरलं म्हणजे पोषण पोटात गेलं असं नाही. बाजार ते ताट या वाटेवर बरंच काही गळतं, आणि ही गळती बऱ्यापैकी आपल्या हातात असते.

कधी आणि काय घ्यायचं

ठाणे-नवी मुंबईत बहुतेक भाजी वाशीच्या एपीएमसी या घाऊक बाजारातून फिरते. रात्री गाड्या लागतात, पहाटे किरकोळ विक्रेते माल उचलतात आणि सकाळी तो जांभळी नाक्यावर, गावदेवीला, सेक्टरच्या कोपऱ्यावर मांडला जातो. संध्याकाळी साडेसातला स्टेशनबाहेर घेतलेली मेथी दिवसभर उकाडा आणि धूळ खाऊन थकलेली असते. पानांतलं क जीवनसत्त्व आणि फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व सगळ्यात आधी कमी होतं, कारण पातळ पानाला हवा आणि उष्णता सगळीकडून लागते. म्हणून पालेभाजी शक्यतो सकाळी घ्या. संध्याकाळी परतताना दुधी, भोपळा, गवार, फरसबी, तोंडली, गाजर, कोबी घ्यायला हरकत नाही. या भाज्या एका दिवसाने फारशा ढळत नाहीत.

लोकल पकडायच्या घाईत निवडलेली, चिरलेली भाजी घेतली म्हणून कोणी अपराधी वाटून घेऊ नये. ती न घेता बाहेरून नूडल्स मागवण्यापेक्षा ती कधीही बरी. फक्त निवड करा: सोललेला लसूण, निवडलेली गवार, सोललेले दाणे चालतील, बारीक चिरलेला कोबी किंवा पालक नको. चिरलेल्या प्रत्येक कडेवर क जीवनसत्त्व हवेच्या संपर्कात येऊन नष्ट होत राहतं, आणि वर त्या पिशवीत पाणी सुटलेलं असतं. सोललेले मटार डोळ्यांत भरतील इतके हिरवे दिसले तर थोडे दाणे पाण्याच्या ग्लासात ढवळून अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर तो रंग आहे. हंगाम नसेल तेव्हा फ्रोझन मटार जास्त भरवशाचे, कारण ते काढल्यावर लगेच वाफवून गोठवलेले असतात.

रेल्वे रुळांलगतच्या पट्ट्यात पिकवलेली पालक आणि माठ शक्यतो टाळा. तिथे नाल्याचं पाणी वापरलेलं असलं तर वरची घाण धुता येते, पण मुळांनी शोषलेले जड धातू धुऊन जात नाहीत. भाजी कुठली आहे, हे विक्रेत्याला सरळ विचारायचं. नेहमीचा भाजीवाला असण्याचा हाच उपयोग.

कशात किती

लोहासाठी पालक, क जीवनसत्त्वासाठी संत्रं, ताकदीसाठी सफरचंद, ही समीकरणं इतकी घट्ट बसली आहेत की आकडे बघायचं कोणाला सुचत नाही. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, संत्र्यात 50 च्या आसपास आणि सफरचंदात 5 सुद्धा नाही. पुरुषाची दिवसाची गरज 80 आणि स्त्रीची 65 मिलिग्रॅम. अर्धा पेरू हे काम उरकतो. महागडं किवी खायचं असेल तर चवीसाठी खा. गरज म्हणून नाही.

लोहाचंही तसंच. पालकात 100 ग्रॅमला 3 मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे, लाल माठात साधारण दुपटीहून जास्त, मेथीतही पालकापेक्षा जास्त. पालकातलं कॅल्शियम तर त्यातल्याच ऑक्झलेट या घटकाला बांधलेलं असतं, त्यामुळे ते शरीराला फार थोडं मिळतं. कॅल्शियमसाठी शेवग्याचा पाला बघा: 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या वर, दुधात साधारण 120. मात्र दूध आपण पेलाभर पितो आणि शेवग्याचा पाला एका वेळी तीस-चाळीस ग्रॅमच पोटात जातो, हे लक्षात ठेवा. शेवग्याच्या पावडरीच्या डब्यावर ‘दुधाच्या इतके पट कॅल्शियम’ असं छापलेलं असतं, तेव्हा तुलना कोरड्या पावडरीची ओल्या दुधाशी केलेली असते. चमचाभर पावडरीने दूध सुटत नाही.

साठवण

आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पालेभाजी दोन कारणांनी जाते: पाणी उडून सुकते, नाहीतर पाणी साचून सडते. म्हणून पाला धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नका. जुडीचा दोरा सोडा, पिवळी आणि चिकट पानं काढा, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि खालच्या कप्प्यात ठेवा. वर्तमानपत्र नको, छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने त्याबद्दल इशारा दिलेला आहे. अशी मेथी दोन-तीन दिवस टिकते, पण पहिल्या दिवशी केलेलीच उत्तम.

केळी, सफरचंद, पपई, पिकलेला आंबा आणि टोमॅटो इथिलीन हा पिकवणारा वायू सोडतात. त्यांच्याशेजारी ठेवलेली कोथिंबीर, काकडी, फ्लॉवर लवकर पिवळी पडतात. फळांची टोपली वेगळी ठेवा. केळी फ्रिजमध्ये काळी पडतात. कांदे-बटाटे एकाच टोपलीत नकोत, आणि बटाट्याला खिडकीचा उजेड नको. उजेडाने तो हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन वाढतं. हिरवा भाग खोलवर कापून टाका, आणि बटाटा कडवट लागला तर सगळाच टाका. शिजवून हे विष जात नाही.

धुणं आणि चिरणं

क्रम एकच: आधी धुवा, मग चिरा. उलटं केलं की क आणि ब गटातली जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. पालेभाजीसाठी मोठं पातेलं घ्या, पाणी भरपूर ठेवा, पाला बुडवून हलवा आणि हाताने वर उचलून चाळणीत काढा. पातेलं चाळणीवर पालथं केलं तर तळाशी बसलेली माती परत पाल्यावर येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत हे तीनदा तरी करावं लागतं, पावसाळ्यात चारदा. फ्लॉवरचे तुरे मोठे तोडून कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले की अळ्या वर येतात.

कीटकनाशकांसाठी बाजारात बाटल्या मिळतात. घरातला खाण्याचा सोडा बऱ्यापैकी काम करतो: लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम, म्हणजे दोन सपाट लहान चमचे, त्यात द्राक्षं, सफरचंद, मिरच्या 12 ते 15 मिनिटं, मग साध्या पाण्याने धुणं. अमेरिकेत 2017 मध्ये सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात या प्रमाणाने पृष्ठभागावरची दोन कीटकनाशकं निघाली, पण त्यातल्या एकाचा सालीत मुरलेला अंश तसाच राहिला. कुठलंही धुणं यापलीकडे जात नाही. हाच सोडा भाजी शिजवताना मात्र घालू नका. रंग हिरवागार राहतो, पण ब-1 आणि क जीवनसत्त्व जातं.

शिजवणं

इथे गळती सगळ्यात मोठी. पालक पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तर फोलेट निम्म्याच्या आसपास जातं; तोच तीन-चार मिनिटं नुसत्या वाफेवर ठेवला तर नुकसान नगण्य. पाल्याला धुताना लागलेलं पाणी त्याला पुरतं. कढई तापवा, फोडणी करा, पाला घाला, झाकण ठेवा, पाला बसला की गॅस बंद. फळभाजीला पाणी लागलंच तर अर्धी वाटी, आणि उरलेलं आमटीत किंवा कणकेत. कुकरबद्दल उगाच भीती आहे. पाणी कमी आणि वेळ कमी असेल तर कुकर उघड्या पातेल्यात अर्धा तास रटरटण्यापेक्षा चांगला. एका शिटीचं काम असताना चार शिट्ट्या, हा खरा दोष.

सगळंच कच्चं बरं असंही नाही. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तेलात शिजल्यावर जास्त शोषलं जातं. गाजर, भोपळा, पालेभाज्यांतल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते शोषायला स्निग्ध पदार्थ लागतोच. गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि वरून फोडणी, किंवा माठाच्या भाजीवर ओलं खोबरं हे चवीसाठी असलं तरी काम दुहेरी करतं. ‘डाएट’ म्हणून बिनतेलाचं गाजर चघळणाऱ्याला रंग मिळतो, अ जीवनसत्त्व कमी. लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवा आणि मग तेलात टाका. त्यातलं अ‍ॅलिसिन हे उग्र वासाचं द्रव्य तयार व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

लोहाचं गणित ताटात जमतं किंवा बिघडतं. भाजीतलं लोह शरीर मुळात थोडंच घेतं. जोडीला क जीवनसत्त्व असेल तर ते वाढतं, चहा-कॉफी असेल तर घटतं. स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम, तेव्हा ही गळती परवडत नाही. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळा, उकळत्या भाजीत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. जेवणावर फळ खाल्लं की विष होतं, या समजुतीला आधार नाही. उलट पालेभाजी-भाकरीनंतर पेरूची फोड लोहाला मदतच करते.

रानभाज्या

मे संपता संपता येऊर, मुरबाड, शहापूर, कर्जतकडून बायका टोपल्या घेऊन ठाण्यात आणि नवी मुंबईत बसतात. आधी शेवळं, पहिल्या पावसानंतर टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, मग कर्टुली. पावसाळ्यात शेतातला पाला महागतो आणि चिखलाने खराब येतो, तेव्हा या भाज्या ताटाची जागा भरतात. पण यांची कृती भाजीनुसार बदलते आणि ती चुकली तर त्रास होतो.

शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या घशाला टोचतात. बाहेरचं आवरण काढा, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्या, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परता आणि काकड या झाडाची आंबट फळं, चिंच किंवा आमसूल घालून पूर्ण शिजवा. काकडं शेवळांबरोबरच विकायला असतात, ती घ्यायला विसरू नका. अळूचंही कारण तेच. फतफत्यात चिंच किंवा आंबट चुका त्यासाठीच. टाकळा अगदी कोवळा घ्या. भारंगी कडू असते, ती उकडून पिळावी लागते. इथे पाणी ओतून द्यायचंच असतं, आणि पाणी न ओतण्याचा मघाचा नियम लागू नाही. विकणाऱ्या मावशींना ‘कशी करायची?’ विचारलं तर त्या अचूक सांगतात. येऊरला फिरायला जाऊन स्वतः पाला ओरबाडू नका. सारखी दिसणारी पानं सारखी नसतात.

फळांबद्दल थोडं

फळ चावून खा. रस काढला की तंतू चोथ्यात जातो आणि साखर मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर टाळायच्या साखरेतच धरते. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला ठराविक मर्यादेत परवानगी आहे. बाहेरून एकसारखा पिवळा आणि आत कच्चा, आंबट, बिनवासाचा आंबा संशयास्पद समजा. आंबे अर्धा तास पाण्यात ठेवून देठ कापले की चीक निघून जातो.

ज्यांना हे जसंच्या तसं लागू नाही

ऑक्झलेटचे मुतखडे होत असतील तर पालक आणि माठ कमी करा, केलाच तर उकळून पाणी ओतून द्या. मेथी, कोबी, दुधी चालतात. मूत्रपिंडाचा आजार असून डॉक्टरांनी पोटॅशियमवर मर्यादा घातली असेल तर शहाळं, केळं, टोमॅटोचं सार विचारल्याशिवाय नको, आणि भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. मधुमेहात फळं बंद नसतात. एका वेळी 100 ग्रॅम, पेरू-पपईसारखी, आणि आंबा पोळीच्या जागी, पोळीवर नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजी सोडायची नाही, पण प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. आठवडाभर काहीच नाही आणि रविवारी दोन जुड्या असं झालं की के जीवनसत्त्वामुळे गोळीचा असर हलतो, आणि रक्ताच्या तपासणीचे आकडे बिघडतात.