आजी शिक्षिका होती, तिचं आयुष्य कसं लिहायचं

'प्रेमळ, शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय' हे शब्द आधी बाजूला ठेवा. ते कुठल्याही निवृत्त शिक्षिकेबद्दल लिहिता येतात. माझी आजी गणित शिकवायची. तिच्याबद्दल लिहायला घेतलं तेव्हा मला एवढंच हवं होतं, की वाचणाऱ्याला ती फळ्यापुढे उभी दिसावी.

सुरुवात घरातून करू नका, तिच्या विद्यार्थ्यांपासून करा. घरच्यांना आजी माहीत असते, बाई माहीत नसतात. पण 'बाई कशा होत्या?' असं विचारलंत तर 'फार छान' इतकंच हाती लागतं. त्यापेक्षा विचारा: शिकवताना कुठे उभ्या राहायच्या? वर्गात गोंगाट झाला की काय करायच्या? वह्या कशा तपासायच्या? या शेवटच्या प्रश्नावर एका विद्यार्थिनीने मला सांगितलं, की बाई चुकलेल्या उत्तरावर फुली मारत नसत. गणित ज्या पायरीवर घसरलं, तिथे पेन्सिलीने बारीक टिंब देऊन वही परत करत. चूक आपली आपण शोधायची. हे ऐकताना मला आईची हिशेबाची वही आठवली. तिच्यातही तशीच टिंबं आहेत. असा धागा सापडला की लिखाणाला कणा मिळतो.

आजीच्या बरोबरीच्या माणसांकडे आधी जा, त्यांच्याकडे वेळ कमी आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त ठळक राहतात, म्हणून त्यांना नोकरीच्या सुरुवातीबद्दल विचारा. हातात एखादा जुना फोटो द्या. परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा. पंखा बंद, फोन विमान मोडवर, आणि सुरुवातीलाच बोलणाऱ्याचं नाव व तारीख. समोरचा गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा. बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते.

वर्गाच्या समूहफोटोतली नावं रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे लिहून घ्या. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनेच लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. छोटे फोटो ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बमला घट्ट बसलेला फोटो ओढून काढू नका, अख्ख्या पानाचाच फोटो घ्या. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

टाचणांच्या वह्या, म्हणजे शिकवण्याआधी पाठाची तयारी लिहायच्या वह्या, मिळाल्या तर त्यांचे समास नक्की वाचा. आजीने एका पाठाशेजारी 'उद्या पुन्हा, अर्ध्या वर्गाला कळलं नाही' असं लिहून ठेवलंय. ती कशी शिकवायची, हे मला त्या ओळीतून जितकं कळलं तितकं निरोप समारंभाच्या भाषणांतून कळलं नाही.

सनावळ्या कागदपत्रांवरून ताडून शेवटी एका पानावर द्या. मजकूर जन्मापासून सुरू करायची गरज नाही, वर्गातल्या एखाद्या तासापासून करा.

बोचणारं वगळू नका. एका गृहस्थांनी मला सांगितलं, की बाईंनी त्यांना न केलेल्या खोडीसाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं. आवाजात अजून दुखावलेपण होतं. त्यांना विचारून, नाव न देता, मी ते लिहिलं. आजीवर माझा फार जीव होता. म्हणूनच तिला देव्हाऱ्यात बसवायचं नव्हतं.

निवृत्तीनंतरचा काळ 'नातवंडांत रमल्या' एवढ्यावर आटपू नका. कशात रमली, काय वाचायची, कशावरून चिडायची? आजी आम्हा नातवंडांना कधी थेट उत्तर सांगायची नाही, 'तुला काय वाटतं?' म्हणायची. मला त्याचा रागही यायचा, तोही लिहिला.

छापताना अक्षर मोठं घ्या, किमान सोळा पॉइंट. वाचणारे बरेचजण वयस्क असतील. शेवटी काही पानं कोरी सोडा आणि तिथे आपला फोन नंबर द्या. पुस्तिका हातात पडल्यावर लोकांना नव्याने आठवतं, आणि ते कळवायला त्यांना जागा हवी.